एका गोळीचे दोन खटले

सॅन फ्रान्सिस्को शहरात समुद्राला लागून एक लांबलचक रस्ता आहे, एम्बार्काडेरो नावाचा. त्या रस्त्यावरून पाण्यात शिरलेले धक्के आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना नावाऐवजी नंबर आहेत. चौदा नंबरच्या धक्क्याला बोटी लागत नाहीत. तो लोकांनी फिरायला यावं म्हणून बांधलेला एक अरुंद पूलच आहे. दुसऱ्या टोकाला पोचला नाही एवढंच. त्यावर न्हाव्याच्या दुकानात असतात तशा गोल फिरणाऱ्या खुर्च्या बसवल्या आहेत. समुद्र पाहून कंटाळा आला, की खुर्ची फिरवायची आणि शहर पाहायचं.

२०१८ च्या उन्हाळ्यात माझा भाचा मला तिथे घेऊन गेला. तो मूळचा सोलापूरचा, तिकडे संगणकाच्या कंपनीत नोकरीला. मी एका खुर्चीवर बसलो, लहान मुलासारखी दोनदा फिरवली, आणि मग तो म्हणाला, "मामू, तो माणूस अशाच एका खुर्चीवर बसला होता."

तो माणूस कोण, हे तेव्हा अमेरिकेत कुणाला सांगावं लागत नव्हतं. आपल्याकडे सांगावं लागेल. आज मला त्याच खटल्याविषयी बोलायचं आहे. त्यातल्या आरोपीचं आणि मृत तरुणीचं नाव मी घेणार नाही. दोघांचीही नावं इतरांनी पुष्कळ वापरून झाली आहेत.

१ जुलै २०१५. संध्याकाळी साडेसहाचा सुमार. बत्तीस वर्षांची एक तरुणी वडिलांबरोबर त्या धक्क्यावरून चालली होती. एक आवाज झाला आणि ती खाली कोसळली. गोळी पाठीतून शिरली होती. दोनएक तासांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. थोड्याच वेळात पोलिसांनी जवळच एका माणसाला पकडलं. तो मेक्सिकोचा नागरिक, घरदार नसलेला. त्याला अमेरिकेतून पूर्वी पाच वेळा हद्दपार केलं होतं. त्याच्या नावावर सात गंभीर गुन्हे होते, पण ते बहुतेक अमली पदार्थांचे आणि बेकायदा परत आल्याचे. कुणाच्या अंगावर हात टाकल्याचा त्यांत नव्हता.

तो अमेरिकेत होता कसा, हा पहिला प्रश्न. कुणालाही पडावा असाच. त्याचं उत्तर मात्र दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे. बेकायदा परत आल्याबद्दल तो जवळपास चार वर्षं केंद्र सरकारच्या तुरुंगात होता. शिक्षा संपल्यावर त्याला सरळ सीमेपलीकडे सोडता आलं असतं. तसं न करता मार्च २०१५ मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या शेरीफकडे सोपवलं, कारण तिथे त्याच्या नावावर गांजाच्या प्रकरणातलं वीस वर्षांपूर्वीचं एक वॉरंट पडून होतं. शहराने ते प्रकरण दुसऱ्याच दिवशी निकालात काढलं. १५ एप्रिलला तो सुटला. मधल्या काळात केंद्राच्या इमिग्रेशन खात्याची चिठ्ठी शेरीफच्या कार्यालयात आलेली होती. याला सोडण्याआधी आम्हाला कळवा, असं तीत म्हटलं होतं. कुणी कळवलं नाही.

ही चिठ्ठी म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं भांडण तिच्यावरच आहे. तिकडे तिला 'डिटेनर' म्हणतात. ती खात्याचा अधिकारी काढतो, न्यायाधीश नव्हे. हा माणूस तुमच्या तुरुंगातून सुटेल तेव्हा त्याला आमच्यासाठी आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, अशी ती विनंती असते. २०१४ मध्ये ओरेगॉनमधल्या एका केंद्रीय न्यायालयाने ठरवलं, की ठोस कारण नसताना अशा नुसत्या चिठ्ठीवर माणसाला डांबून ठेवलं, तर ते घटनेच्या विरुद्ध होईल आणि नुकसानभरपाई स्थानिक तुरुंगाच्या अंगावर येईल. तेव्हापासून अनेक शहरं म्हणू लागली, न्यायाधीशाची सही आणा, मग पाहू. सॅन फ्रान्सिस्कोने त्याच्या आधीच, २०१३ मध्ये, तसा नियम केला होता. पण शेरीफसाहेब एक पाऊल पुढे गेले. मार्च २०१५ मध्ये त्यांनी परिपत्रक काढलं, की सुटकेची तारीखसुद्धा इमिग्रेशनला कळवायची नाही. मला विचाराल, तर हे मला पटत नाही. सहीशिवाय माणूस डांबू नये, हे तत्त्व झालं. एक फोनही करायचा नाही, हा हट्ट झाला. शहरातल्या मतदारांनाही बहुधा तसंच वाटलं असावं. नोव्हेंबर २०१५ च्या निवडणुकीत ते शेरीफ हरले.

आता राजकारणाकडे. १६ जून २०१५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. मेक्सिको आपल्याकडे अमली पदार्थ आणणारे, गुन्हेगार आणि बलात्कारी पाठवतो, असं ते त्या भाषणात म्हणाले. देशभर टीका झाली. आणि बरोबर पंधरा दिवसांनी ही गोळी सुटली. ट्रम्प यांना आयताच दाखला मिळाला. पुढची दोन वर्षं त्या तरुणीचं नाव सभासभांतून घेतलं गेलं. तिच्या नावाने विधेयक आलं. हद्दपारीनंतर परत येणाऱ्याची शिक्षा वाढवणारं ते विधेयक 'केट्स लॉ' म्हणून ओळखलं जातं. २९ जून २०१७ रोजी प्रतिनिधीगृहाने ते २५७ विरुद्ध १६७ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडकलं.

पण आपल्याकडे या गोष्टी सांगताना ट्रम्प एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या बाजूला, असं चित्र काढतात, तसं ते नव्हतं. हिलरी क्लिंटन यांनीही शहराचं चुकलं असं म्हटलं होतं. कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी महापौरांना पत्र लिहून केंद्राशी सहकार्य करा, असं कळवलं होतं. मुलीच्या वडिलांनी त्याच जुलै महिन्यात सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. ज्याच्या शेजारी चालताना मुलगी कोसळली, त्याने कायदा बदला म्हटलं, तर त्याला द्वेषाचा राजकारणी ठरवायचं का? स्थलांतरित माणसं तिथे जन्मलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करतात, असं बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. ते खरंच आहे. पण ती आकडेवारी त्या बापापुढे ठेवण्याची माझी हिंमत होणार नाही.

दुसरी बाजू मात्र न्यायालयातली. तिथे प्रश्न एकच होता, या माणसाने त्या मुलीला ठार मारलं का, आणि मारण्याच्या हेतूने मारलं का?

आपल्याला ज्युरी हा शब्द माहीत आहे तो नानावटी खटल्यामुळे. आपल्याकडून ती पद्धत गेली, तिकडे आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये खटला सुरू झाला तेव्हा न्यायाधीशांनी ठरवलं, की आरोपी बेकायदा देशात होता, पाच वेळा हद्दपार झाला होता, यातलं काही ज्युरीपुढे यायचं नाही. ज्या गोष्टीवर सगळा देश दोन वर्षं भांडत होता, नेमकी ती न्यायालयाच्या दाराबाहेर ठेवायची! ज्युरीतल्या बारा जणांच्या कानावर आधी काही पडलंच नसेल असं नाही. पण पुरावा म्हणून ते नव्हतं.

मग पुरावा काय होता? पिस्तूल. ते केंद्र सरकारच्याच एका खात्यातल्या रेंजरचं होतं. घटनेच्या चार दिवस आधी शहरात उभ्या केलेल्या त्याच्या गाडीतून ते चोरीला गेलं होतं. ते आरोपीने चोरलं, असा पुरावा नव्हता. बचाव पक्षाचं म्हणणं असं, की खुर्चीखाली चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी त्याने उचललं आणि ते उडालं. घाबरून त्याने ते पाण्यात फेकलं. सरकारी वकिलांचं म्हणणं, त्याने माणसांच्या दिशेने नेम धरून गोळी झाडली. तो स्वतः पोलिसांपुढे एकेक वेळी एकेक सांगत होता. समुद्रातल्या प्राण्यावर झाडली, असंही एकदा म्हणाला. चौकशी भर रात्री, भाषांतर धेडगुजरी.

आणि गोळी? ती सरळ गेलीच नव्हती. त्याच्यापासून दहापंधरा फुटांवर ती काँक्रीटला आपटली, उसळली आणि तिथून सुमारे ७८ फूट लांब जाऊन त्या मुलीला लागली. धक्क्यावर उभं राहून मी ते अंतर डोळ्यांनी मोजायचा प्रयत्न केला. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा घरांएवढं भरेल. जमिनीवर गोळी आपटवून इतक्या लांबचा माणूस नेम धरून टिपता येतो, असं सिद्ध करायचं तर अवघडच.

सहा दिवस ज्युरीने विचार केला. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल लागला. खून नाही, सदोष मनुष्यवधही नाही. गुन्हेगाराने शस्त्र जवळ बाळगलं, एवढाच गुन्हा शाबीत. ट्रम्प यांनी हा निकाल लाजिरवाणा ठरवला. ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी शहराच्या धोरणावर ठपका ठेवला. ज्युरी विकली गेली इथपासून सगळं बोलून झालं. त्यानंतर ज्युरीच्या राखीव सदस्यांपैकी एकाने लेख लिहून सांगितलं, की समोर आलेल्या पुराव्यावर याहून वेगळा निकाल देता येत नव्हता. तो लेख फार लोकांनी वाचला असेल असं वाटत नाही.

माझा भाचा मात्र निकालाच्या विरुद्ध होता. त्याच धक्क्यावर आमचा वाद झाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "मामू, मी इथे अकरा वर्षं रांगेत उभा आहे. दर तीन वर्षांनी व्हिसा वाढवायचा, दरवेळी वकिलाची फी. ग्रीन कार्डचा नंबर कधी लागेल, अल्लाला ठाऊक. आणि पाच वेळा हाकललेला माणूस सहाव्यांदा येतो. त्याची बाजू आपण का घ्यायची?"

मी म्हटलं, बाजू घेत नाही, खुनाचा पुरावा विचारतो. तो म्हणाला, "पुरावा म्हणजे तो इथे होता हाच. तो इथे नसता तर ती जिवंत असती."

वाक्य बिनतोड आहे. पण मग चोरीला जाईल अशा जागी पिस्तूल ठेवणारा रेंजर नसता, तरी ती जिवंत असती. केंद्राने वीस वर्षांपूर्वीच्या गांजासाठी त्याला इथे आणून सोडलं नसतं, तरी ती जिवंत असती. मी हे म्हटलं तसा तो गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, मी पाहुणा होतो म्हणून.

मी इतका का अडून बसलो, त्याला कारण आहे. मी लहानपणापासून पाहत आलो, कुठे बॉम्बस्फोटाची बातमी आली, की माझी आई रेडिओजवळ येऊन बसायची. किती गेले ते ऐकून आधी 'इन्ना लिल्लाहि' म्हणायची. मग थोडं थांबून विचारायची, "नाम आया क्या?" आरोपीचं नाव. ते नाव काय निघतं, यावर दुसऱ्या दिवशी वडिलांनी मिलमध्ये मान वर करून जायचं की खाली घालून, हे ठरायचं. आम्ही कुणी त्या गावातही नसायचो. त्यामुळे एका माणसाचा गुन्हा त्याच्या सगळ्या जमातीच्या खात्यावर कसा मांडतात, हे मला अमेरिकेत जाऊन शिकावं लागलं नाही. भाच्यानेही ते घर पाहिलं आहे. म्हणूनच मला त्याचं नवल वाटलं.

शब्दांचंही मला मोठं कुतूहल. तिकडे अशा शहरांना 'सँक्चुअरी सिटी' म्हणतात. सँक्चुअरीला आपण मराठीत अभयारण्य म्हणतो. वाघा-हरणांना अभय देणारा शब्द आपल्याकडे आहे, माणसांच्या शहरासाठी मात्र वर्तमानपत्रांना अजून धड प्रतिशब्द सापडलेला नाही. मूळ कल्पना चर्चमधली. १९८२ मध्ये ॲरिझोनातल्या टुसान गावी एका चर्चने एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीतून पळून आलेल्यांना आसरा देत असल्याचं जाहीर केलं. पुढे त्या पाद्र्यावर आणि त्याच्या साथीदारांवर माणसांची चोरटी वाहतूक केल्याचा खटला झाला आणि १९८६ मध्ये ते दोषी ठरले. सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ मध्ये आपला कायदा केला तो त्याच वाऱ्यात.

आणि या शहरांचं कायद्यातलं कवच कुठून आलं, ही तर मोठी गमतीची गोष्ट. १९९३ मध्ये पिस्तूल विकत घेणाऱ्याची पूर्वचौकशी स्थानिक पोलिसांनी करावी, असा केंद्राने कायदा केला. मोंटाना आणि ॲरिझोनातले बंदूकप्रेमी शेरीफ न्यायालयात गेले. केंद्राचं काम आम्ही का करायचं? १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य केलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कालिया यांनी, म्हणजे उजव्यांच्या गळ्यातला ताईत. केंद्राला आपली कामं राज्यांच्या अधिकाऱ्यांवर लादता येत नाहीत, हे त्यातलं तत्त्व. आज सँक्चुअरी शहरं न्यायालयात जातात ती हाच निकाल हातात घेऊन. इतकंच काय, त्या मुलीच्या आईवडिलांनी शहरावर केलेला दावा २०१९ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला, तो निकाल लिहिणारे न्यायाधीश ट्रम्प यांनीच नेमलेले होते. शेरीफचं परिपत्रक बेकायदा नव्हतं, एवढंच त्यांनी सांगितलं. ते शहाणपणाचं होतं, असं म्हटलं नाही.

हे सगळं त्या देशात नवं नाही. जानेवारी १९२० मध्ये ॲटर्नी जनरल पामर यांनी देशभर छापे घालून परदेशी जहालांची धरपकड केली. कामगार खात्यातले लुई पोस्ट नावाचे सत्तरी उलटलेले अधिकारी एकेक प्रकरण वाचत बसले आणि पुरावा नाही म्हणून त्यांनी हद्दपारीचे हजाराहून जास्त आदेश रद्द केले. त्यांच्यावरच महाभियोग आणायची भाषा झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये पगाराची रक्कम लुटताना दोघांचा खून झाला आणि मे महिन्यात साको आणि व्हॅन्झेट्टी हे दोन इटालियन पकडले गेले. त्यांच्याकडे पिस्तुलं होती आणि ते पोलिसांशी खोटं बोलले. सरकारी वकील म्हणाले, गुन्हा केला म्हणून खोटं बोलले. ते म्हणाले, आम्ही जहाल म्हणून हद्दपार करतील या भीतीने खोटं बोललो. ज्युरीने सरकारचं ऐकलं. २३ ऑगस्ट १९२७ रोजी दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी खून केला की नाही, यावर अजून पुस्तकं निघतात. पन्नास वर्षांनी त्या राज्याचे गव्हर्नर डुकाकिस यांनी एवढं मान्य केलं, की खटला न्याय्य रीतीने चालला नाही. आणि मधल्या काळात, १९२४ मध्ये, इटलीसारख्या देशांतून येणाऱ्यांना जवळजवळ दार बंद करणारा कायदा झाला होता.

चौदा नंबरच्या धक्क्याचा खटला पुढे रेंगाळत राहिला. ज्या एका गुन्ह्यात आरोपी दोषी ठरला होता, तोही ऑगस्ट २०१९ मध्ये अपिलात रद्द झाला. वस्तू क्षणभरच हातात आली असेल तर काय, हे ज्युरीला समजावून सांगायचं राहून गेलं होतं. मग केंद्राने त्याच पिस्तुलाचा वेगळा खटला भरला. २०२२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, आणि तुरुंगात गेलेली सात वर्षं हीच शिक्षा पुरे, असं न्यायाधीशांनी ठरवलं. ते न्यायाधीश विन्स छाब्रिया, आडनावावरून तुमच्या लक्षात आलंच असेल, भारतीय वंशाचे.

एव्हाना दुसरं नाव आलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्जियात नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा खून झाला. आरोपी व्हेनेझुएलाचा, बेकायदा आलेला. इथे पुरावा भक्कम होता. नोव्हेंबरमध्ये तो दोषी ठरला आणि त्याला मरेपर्यंत कैद झाली. न्यायालयाने आपलं काम नऊ महिन्यांत केलं. तिच्या नावाचा 'लेकन रायली ॲक्ट' या वेळी सिनेटमध्येही मंजूर झाला, ६४ विरुद्ध ३५. बारा डेमोक्रॅट सिनेटरांनी त्याला मत दिलं. २९ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केली. दुसऱ्या कारकिर्दीत त्यांनी सही केलेला तो पहिला कायदा. त्यात खुनापुरतीच गोष्ट नाही. बेकायदा आलेल्या माणसावर दुकानातली किरकोळ वस्तू उचलल्याचा नुसता आरोप झाला, अटक झाली, तरी त्याला डांबून ठेवणं खात्याला बंधनकारक आहे. दोषी ठरण्याची गरज नाही.

त्यानंतर आठवड्याभरात, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. बहुतेक हरियाणा, गुजरात, पंजाबचे. तिघं महाराष्ट्रातले.

त्या रात्री भाच्याचा फोन आला. ग्रीन कार्डचा नंबर अजून लागलेला नाही. गाडीच्या खणात तो आता सगळ्या कागदांच्या झेरॉक्स ठेवतो. मुलीच्या दप्तरातही एक संच ठेवलाय, म्हणाला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. सोलापुरात उन्हाळा लागला का, त्याच्या अम्मीचं गुडघ्याचं दुखणं. मग म्हणाला, "मामू, त्या विमानात महाराष्ट्रातले तिघं होते ना? त्यांची नावं आली का?"

मी म्हटलं, सकाळी पेपर आला की बघतो.